बालाजीनगरला मेट्रो स्टेशन मिळावं म्हणून काय काय करावं लागलं

पुण्यात मेट्रोला इतका उशीर का झाला यावर कुणालाही बोलायला बसवा, तासभर बोलेल. पण मेट्रोचा नकाशा अजून कागदावर असतो तेव्हा त्यात आपलं म्हणणं कसं घालायचं, कुणाकडे जायचं, काय लिहायचं, हे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. ते सगळं धडपडत शिकावं लागलं म्हणून जरा सविस्तर लिहितेय, मोठं झालंय पण वाचा.

मी बालाजीनगरला राहते, सातारा रोडवर, के. के. मार्केटच्या मागच्या बाजूला. नोकरी शिवाजीनगरला, कोर्टाजवळ एका वकिलांच्या ऑफिसात. लग्न होऊन इथे आले तेव्हापासून हा एकच रस्ता मी रोज तुडवतेय आणि या रस्त्यावर काय काय प्रयोग झाले ते सगळे डोळ्यांसमोर झालेत. २००६ च्या डिसेंबरात इथे बीआरटी, म्हणजे फक्त बससाठीची वेगळी लेन, आली, देशातली पहिली, पेपरात केवढं आलं होतं. बस रस्त्याच्या मधोमध आणि आपण कडेला, म्हणजे बस पकडायची तर आधी भर ट्रॅफिकमधून रस्ता ओलांडा, सासूबाईंनी तेव्हापासून बसने जाणंच सोडलं. मग ती लेन उखडली, परत बांधली, उड्डाणपूल झाले, शहर बसची पीएमटीची पीएमपीएमएल झाली, आणि आमच्याकडे एकाच्या दोन गाड्या झाल्या कारण दुसरा इलाजच नव्हता.

आणि या सगळ्या काळात मेट्रो येणार हे चालूच होतं. दिल्ली मेट्रोवाल्यांनी २००९ च्या सुमारास पुण्याचा डीपीआर, म्हणजे प्रकल्पाचा सविस्तर अहवाल, करून दिला होता, वनाज ते रामवाडी आणि पिंपरी ते स्वारगेट असे दोन मार्ग. त्यानंतर वर्षानुवर्षं फक्त एकच वाद, मेट्रो वरून न्यायची की खालून. जंगली महाराज रोडवर खांब नकोत म्हणून एक बाजू, भुयारी केली तर खर्च परवडणार नाही म्हणून दुसरी बाजू, दोन्हीकडे शिकलेली, शहराबद्दल कळकळ असलेली माणसं. शेवटी गिरीश बापट पालकमंत्री असताना त्यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली आणि मार्ग जंगली महाराज रोडवरून काढून नदीपात्राच्या कडेने नेला, तर मग नदीसाठी लोक हरित लवादात गेले. तोपर्यंत नागपूरच्या मेट्रोचं भूमिपूजन ऑगस्ट २०१४ ला होऊनसुद्धा गेलं होतं. आमच्या मेट्रोला केंद्राच्या मंत्रिमंडळाची मंजुरी ७ डिसेंबर २०१६ ची आणि भूमिपूजन २४ डिसेंबरचं. खर्चाचा आकडा तेव्हा ११,४२० कोटी. पहिली गाडी धावली ६ मार्च २०२२ ला आणि तीसुद्धा तुकड्या तुकड्यात, इकडे वनाज ते गरवारे कॉलेज आणि तिकडे पिंपरी ते फुगेवाडी, मधलं काही जोडलेलंच नाही. स्वारगेटपर्यंत यायला २०२४ चा सप्टेंबर उजाडला. तेव्हासुद्धा २६ तारखेचं उद्घाटन पावसामुळे रद्द झालं आणि २९ ला ऑनलाइन झालं, मधले दोन-तीन दिवस तयार स्टेशन बंद म्हणून लोक आंदोलनाला उतरले होते.

हे सगळं सांगायचं कारण असं की या इतक्या वर्षांत मला एक गोष्ट पक्की कळली. लोक जागे होतात ते खांब उभा राहिल्यावर. लकडी पुलाचं आठवून बघा. २०२१ ला गणेश मंडळांच्या लक्षात आलं की मेट्रोचा पूल इतक्या उंचीवर आला तर विसर्जन मिरवणुकीचे उंच रथ खालून जाणार कसे, आणि काम अडवलं. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, लक्ष्मी रोडची मिरवणूक काय आज सुरू झालेली नाही. पण तोवर खांब उभे होते, काही महिने काम थांबलं आणि पूल शेवटी त्याच उंचीवर झाला. तेच म्हणणं आधीच, ड्रॉइंग टेबलावर असताना कुणी लावून धरलं असतं तर काय झालं असतं हा विचार माझ्या डोक्यातून तेव्हापासून गेला नाही.

म्हणून स्वारगेट ते कात्रज मार्गाचा नकाशा पेपरात बघितला तेव्हा मी तो कापून ठेवला. साडेपाच किलोमीटरचा मार्ग, सगळा भुयारी आणि स्टेशनं फक्त तीन, मार्केट यार्ड, पद्मावती, कात्रज. पद्मावती ते कात्रज जवळजवळ दोन किलोमीटर आणि त्या दोन किलोमीटरमध्ये कोण राहतं तर बालाजीनगर, धनकवडी, के. के. मार्केटचा सगळा परिसर, आंबेगाव पठारची माणसं इकडेच उतरतात, भारती विद्यापीठाची पोरं हॉस्टेल आणि खोल्या करून इथेच राहतात, शंकर महाराजांच्या मठात गुरुवारी पाय ठेवायला जागा नसते. आणि या सगळ्यांच्या पायाखालून गाडी न थांबता जाणार.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी विषय काढला तर पहिल्यांदा कुणी फार मनावर घेतलं नाही. एक काका म्हणाले, अहो ताई, पुण्यात मेट्रोचं ऐकत ऐकत मी रिटायर झालो, आत्ता स्टेशन कुठे यावर काय भांडायचं, आधी येऊ दे तर. त्यांचं चुकीचं म्हणता येणार नाही, इतक्यांदा तारखा ऐकल्यावर माणूस असंच बोलणार. पण सेक्रेटरी म्हणाले की बोगदा एकदा खणला की मधे स्टेशन घालता येत नाही, खड्डा आधी, बोगदा मागून, त्यामुळे काय ते आत्ताच. तिथून खरं सुरू झालं.

पहिलं काम आम्ही केलं ते चालून बघण्याचं. नकाशावर दोन किलोमीटर म्हणजे काही वाटत नाही, पण स्वारगेटकडून कात्रजकडे रस्ता सगळा चढाचा आहे हे गाडीवर कळत नाही, पायी कळतं. मी, सेक्रेटरी, आणि पहिल्या मजल्यावरच्या काकू ज्यांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय, असे आम्ही संध्याकाळी पद्मावतीपासून चालत निघालो. फूटपाथ मधेच संपतो, मधे गाड्या लावलेल्या, एका ठिकाणी ड्रेनेजचं झाकण वर आलेलं, काकू प्रत्येक ठिकाणी थांबून श्वास घेत होत्या आणि सेक्रेटरी प्रत्येक ठिकाणचा फोटो आणि वेळ लिहून घेत होते. धडधाकट माणसाला किती वेळ लागतो आणि काकूंना किती, असे दोन रकाने केले. तो कागद पुढे फार उपयोगी पडला, कारण तो कुणाला खोडता येत नव्हता.

मग सह्या. इथे आमच्यात एक मुलगी होती, कॉलेजला जाणारी, तिने सुचवलं की नाव, पत्ता, सही एवढंच नको, "रोज कुठून कुठे जाता आणि कशाने" असा एक रकाना ठेवा. नुसत्या सह्यांचा गठ्ठा सगळेच देतात, पण त्या रकान्यामुळे आमच्याकडे आपोआप सगळ्या परिसराचा येण्या-जाण्याचा हिशोब तयार झाला. किती जण पिंपरीकडे कंपनीत जातात, किती जण मंडईत, किती जण दोन रिक्षा बदलतात, सगळं लोकांच्याच अक्षरात.

रविवारी सकाळी भाजीवाल्यांच्या शेजारी टेबल टाकून बसायचो. एकदा एक बाई पिशवी खाली ठेवून बराच वेळ नुसत्या वाचत उभ्या राहिल्या, घरकामाला जाणाऱ्या, अप्पर इंदिरानगरहून येतात. मी म्हटलं ताई सही करा ना. तर म्हणाल्या, मॅडम मी भाड्याने राहते, इथलं मतदान पण नाही माझं, माझी सही चालेल का. मला इतकं वाईट वाटलं. मी म्हटलं तुम्ही रोज येता, रोज जाता, मग स्टेशन तुमच्यासाठीच मागतोय ना. त्यांनी सावकाश, जोडाक्षरं सांभाळत नाव लिहिलं, प्रवासाच्या रकान्यात "पायी" असं एकच लिहिलं, आणि संध्याकाळी आणखी चार-पाच बायकांना घेऊन परत आल्या.

सह्या झाल्या, आता द्यायच्या कुणाला. एरवी माणूस नगरसेवकाकडे जातो, पण मार्च २०२२ ला महापालिकेची मुदत संपली, प्रशासक आले आणि नगरसेवक सगळे माजी झाले. माजी नगरसेवकांनी मदत केली, पत्रं दिली, त्यांच्या ओळखी कामाला आल्या, ते मान्यच करायला पाहिजे, पण सभागृहात उभं राहून विचारायला कुणी नव्हतं. आपला वॉर्डातला माणूस सभागृहात नसणं म्हणजे काय हे मला तेव्हा नीट कळलं.

मग आम्हीच सगळीकडे. जिथे जिथे पत्र दिलं तिथे दोन प्रती न्यायच्या, एक त्यांची, एकावर आवकचा शिक्का, नंबर आणि तारीख घ्यायची, ही सवय मला वकिलांच्या ऑफिसमुळे होतीच. पोच नसेल तर पत्र दिलंच नाही असं समजा. एका ऑफिसात (नाव सांगत नाही) आवकच्या टेबलावरचे भाऊ म्हणाले इतक्या सह्यांची पानं मी घेणार नाही, वरचं पत्र ठेवून जा. मी म्हटलं मग पत्रावर लिहा की सोबत इतकी पानं जोडली आहेत आणि ती घ्यायला नकार दिला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, चहा संपवला, आणि सगळी पानं मोजून घेतली. पुढे उत्तर आलं ते असं, आपलं पत्र पुढील कार्यवाहीसाठी संबंधित विभागाकडे पाठवण्यात आलं आहे. संबंधित विभागाकडे गेलो तर ते म्हणाले आमच्याकडे आलेलंच नाही. असं बरेच महिने चाललं आणि आमच्यातले निम्मे लोक गळाले.

शेवटी माहिती अधिकार टाकला. दहा रुपयांचं कोर्ट फीचं तिकीट लावायचं आणि प्रश्न छोटा, नेमका ठेवायचा, स्टेशन का देत नाही असं विचारायचं नाही कारण "का" म्हटलं की उत्तर टाळतात. आम्ही मागितलं की या मार्गावरच्या स्टेशनच्या जागा ठरवताना जो अभ्यास झाला त्याची प्रत द्या आणि आमच्या अमुक आवक क्रमांकाच्या पत्रावर काय शेरा मारला त्याची प्रत द्या. कायद्याने तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. उत्तर अर्धवटच होतं, पण त्यामुळे पत्र कुणाच्या टेबलावर आहे ते कळलं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे एका साहेबांनी आम्हाला भेटायला बोलावलं.

ती भेट मला फार शिकवून गेली. वयस्कर इंजिनिअर होते, त्यांनी टेबलावर लांबच लांब ड्रॉइंग पसरलं, त्यात रस्ता वरून न दाखवता उभा कापून दाखवला होता, वर जमीन, खाली बोगद्याची रेघ. म्हणाले, बघा ताई, इथून कात्रजपर्यंत जमीन चढत जाते, बोगदा पण तिच्याबरोबर चढतो. पण स्टेशनला जागा सपाट लागते, गाडी चढावर उभी करून माणसं उतरवता येत नाहीत. त्यामुळे तुम्ही बोट ठेवाल तिथे स्टेशन होत नाही. वर उड्डाणपूल आहे, त्याचा पाया खाली गेलेला आहे, तो टाळायचा. वर यायला जिने, लिफ्ट, हवेचे डक्ट यांना मोकळी जागा पाहिजे, ती सातारा रोडला कुठे आहे दाखवा. आणि भुयारी स्टेशन म्हणजे शेकडो कोटी, मार्ग ज्या खर्चात मंजूर होतोय त्यात ते नाही, ते पैसे कोण देणार.

आम्ही गप्पच बसलो. इतके दिवस आम्ही अन्याय, मागणी, हक्क असं लिहीत होतो आणि कुणी आम्हाला ही अडचण आहे असं सरळ सांगितलंच नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी आम्हाला कळेल असं समजून बोललं. निघताना ते म्हणाले, तुमचा तो चालण्याचा कागद आणि प्रवासाचा रकाना मात्र चांगला आहे, त्यावर जोर द्या, कारण किती प्रवासी वाढतात यावरच पुढे सगळं ठरतं.

त्यानंतरचं आमचं पत्र एकदम वेगळं होतं. दोन पानं, सुरुवातीला चालण्याचे रकाने, मग सह्यांमधून काढलेला प्रवासाचा हिशोब, आणि शेवटी परिसरातल्या कुठल्या कुठल्या मोकळ्या जागा सरकारी आहेत याची यादी, जी आमच्या सेक्रेटरींनी हिंडून हिंडून केली. विनंती, नम्र विनंती हे शब्द दोनदाच. तेच पत्र आम्ही आजूबाजूच्या सोसायट्यांना दिलं, त्यांनी आपापल्या नावाने पाठवलं. मागणी काही आमच्या एकट्याची नव्हती, कितीतरी लोक आपापल्या परीने तेच मागत होते, राजकीय पक्षसुद्धा, आणि कुणामुळे झालं हे मला सांगता येणार नाही, सांगायचंही नाही.

१६ ऑगस्ट २०२४ ला केंद्राने स्वारगेट-कात्रज मार्ग मंजूर केला, २,९५४ कोटींचा, आणि त्यात स्टेशनं तीनच. त्या दिवशी ग्रुपवर पेढ्यांचे फोटो पडत होते आणि मला मात्र जेवण गेलं नाही. सेक्रेटरींचा फोन आला, म्हणाले ताई, मंजुरी झाली म्हणजे आता जास्तीच्या स्टेशनचा वेगळा प्रस्ताव मागायचा, विषय संपलेला नाही. मग परत पत्रं, परत पोच, परत हेलपाटे. या वेळी गळालेले लोकही परत आले कारण सप्टेंबरात स्वारगेटचं स्टेशन सुरू झालं होतं आणि लोकांनी प्रत्यक्ष बसून बघितलं होतं. स्वारगेटहून कोर्टापर्यंत मंडई आणि कसब्याच्या पोटातून दहा-एक मिनिटांत पोचतो हे एकदा अनुभवलं की मग के. के. मार्केटहून स्वारगेटला यायला लागणारा अर्धा तास सहन होत नाही. काकू तर जिना न चढता लिफ्टने वर येऊन स्वारगेटच्या जेधे चौकात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, हे असं आपल्याकडे पाहिजे गं.

२०२५ मध्ये चक्र हललं. आधी मेट्रोच्या पातळीवर जास्तीच्या स्टेशनांचं ठरलं आणि सप्टेंबर २०२५ ला राज्याच्या मंत्रिमंडळाने बालाजीनगर आणि बिबवेवाडी अशा दोन स्टेशनांना मान्यता दिली, कात्रजचं स्टेशन थोडं दक्षिणेला सरकवायचं तेही त्यात आलं. वाढीव खर्च सुमारे ६८३ कोटी. तो आकडा वाचून मी एकदम शांत झाले, कारण हा सगळ्यांचा पैसा आहे, आणि तो आपण मागून घेतलाय तर ते स्टेशन खरंच वापरलं जाईल असं झालं पाहिजे, नाहीतर त्या इंजिनिअर साहेबांचा प्रश्न बरोबर होता असं म्हणावं लागेल.

म्हणून आमचं काम अजून चालू आहे. आता विषय जिन्याचा आहे. सातारा रोड ओलांडणं किती जिवावरचं आहे ते बीआरटीच्या दिवसांपासून आम्ही भोगलंय, त्यामुळे स्टेशनचा दरवाजा एकाच बाजूला नको, धनकवडीच्या बाजूला एक आणि बालाजीनगरच्या बाजूला एक, आणि लिफ्ट दोन्हीकडे. लिफ्ट एकाच बाजूला असली तर काकूंसारख्या माणसाला परत वर येऊन रस्ता ओलांडावा लागणार. दुसरं, पीएमपीच्या छोट्या बस आंबेगाव पठार आणि अप्परकडून थेट स्टेशनच्या दारात आल्या पाहिजेत. आणि तिसरं, काम चालू असताना वर रस्ता अडवणार, तेव्हा पायी चालणाऱ्यांसाठी पट्टा सोडा, हे आत्ताच टेंडरच्या अटीत लिहून घ्या, कर्वे रोडच्या दुकानदारांनी आणि पायी जाणाऱ्यांनी खांबांच्या कामात किती वर्षं काढली ते आम्ही बघितलंय.

हे पत्र तयार आहे, सोबत जिन्याच्या दोन्ही जागांचे फोटो आणि दुपारी चार ते आठ या वेळात रस्ता ओलांडणाऱ्यांची मोजणी, जी कॉलेजच्या मुलांनी केली. ज्यांच्या भागात पुढच्या टप्प्याचे मार्ग जाणार आहेत, खडकवासला, खराडी, चांदणी चौक, वाघोली, तिकडच्या कुणाला आमच्या पत्राचा नमुना आणि सह्यांचा तक्ता हवा असेल तर सांगा, देईन, फक्त प्रवासाचा रकाना काढू नका आणि पोच घेतल्याशिवाय ऑफिसातून उठू नका.